अण्णा, मोजून घ्या

पत्र

ताई, नमस्कार.

मी पुण्यात हडपसरला राहते, एका कंपनीत हिशेबाच्या कामाला आहे. माहेर परांडा तालुक्यात, सीनेच्या काठावर. २०२५ च्या सप्टेंबरात नदी घरात शिरली. माणसं वाचली, पण दुभती म्हैस आणि तिचं रेडकू दावणीलाच गेलं. चार एकरांतलं सोयाबीन कुजलं. त्यातली नदीकडची दोन एकर तर अशी खरडून निघाली की आता खालचा मुरूम दिसतो. ती दोन एकर आमचे वाटेकरी मामा अर्ध्या वाट्यानं करत होते.

आमचे वडील, अण्णा, पंचाहत्तरीला आलेत. तलाठी पंचनाम्याला आले तर अण्णांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "आमचं लिहू नका. आमच्यापेक्षा गरीब गावात पुष्कळ आहेत, त्यांचं लिहा." एका संस्थेनं आणलेलं किराण्याचं किटही परत केलं. भाऊ त्यांच्याशी धड बोलत नाही. म्हणतो, तुमचा ताठा आम्हाला महागात पडतोय. अण्णांचं एकच: "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, पण फुकटचं खाल्लं नाही. आता या वयात हात पसरू?"

इकडे आमच्या सोसायटीनं पूरग्रस्तांसाठी १ लाख ८० हजार रुपये जमवलेत, वर जुन्या कपड्यांच्या गोण्या. सेक्रेटरी म्हणतात, टेम्पो तुमच्याच गावाला नेऊ, तुमच्या वडिलांच्या हस्ते वाटप करू, फोटो काढू. काहींचं म्हणणं, सगळे पैसे मुख्यमंत्री सहायता निधीला द्या. मला मीटिंगमध्ये तोंड उघडवेना. मी देणाऱ्यांतली की घेणाऱ्यांतली, तेच कळेना झालंय. अण्णांना समजवू कसं, आणि सोसायटीला सांगू काय?

— एक लेक, पुणे

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा सदरासाठी, आणि दुसऱ्यांदा त्यातल्या एका वाक्यासाठी, जे तुम्ही जाता जाता लिहून पुढे गेलात. त्या वाक्याकडे नंतर येते. (वयानं तुम्ही माझ्या लेकीएवढ्या. पण इथे सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचा रिवाज आहे, तो पाळते.)

आधी अण्णा. असे अण्णा मी खूप पाहिलेत. माझी एकतीस वर्षं महसूल खात्यात गेली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. पूर असो, गारपीट असो, अवकाळी असो, दर वेळी गावात एखाद-दोन घरं अशी निघायचीच, जी दारात आलेल्या तलाठ्याला चहापाणी करून परत पाठवायची. आम्ही कचेरीत त्यांचं कौतुक करायचो. "बघा, याला म्हणतात स्वाभिमान!" आज निवृत्त आहे म्हणून खरं सांगते, त्या कौतुकात अर्धा वाटा सुटकेचा असायचा. एक पंचनामा वाचला, एक अर्ज वाचला, उद्याची एक तक्रार वाचली. सरकारी कचेरीला स्वाभिमानी माणूस फार आवडतो.

तेव्हा भावाला सांगा, 'ताठा' हा शब्द मागे घे. त्या शब्दानं अण्णा आणखी दोन पावलं मागे सरकतील, पुढे काही येणार नाहीत. अण्णांच्या मानीपणात मला खोट दिसत नाही. खोट दिसते ती हिशेबात. जो पैसा दारात आला तो कुणाचा, हेच त्यांनी चुकीचं मांडलंय. आणि हिशेब हे तर तुमचं रोजचं काम.

मला सांगा, अण्णा तंबाखू खातात का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण सीनाकाठचा पंचाहत्तरीचा शेतकरी म्हटल्यावर मी धरून चालते. (खात नसतील तर माझी माफी आणि त्यांचं अभिनंदन.) जानेवारी २००१ मध्ये भूजचा भूकंप झाला. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारनं 'राष्ट्रीय आपत्ती आकस्मिक शुल्क' नावाचा कर आणला आणि तो सिगारेट, पानमसाला, तंबाखू अशा मालावर बसवला. तो पैसा आज राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीत जातो. म्हणजे पारावर बसून कंपनीच्या तंबाखूची पुडी फोडताना, चुना मळताना, अण्णा तेव्हापासून कुठल्या ना कुठल्या आपत्तीसाठी पैसे भरत आलेत. केरळात २०१८ साली पूर आला, ओडिशाला २०१९ साली फणी वादळानं झोडपलं. तिथल्या कुणा म्हाताऱ्याला त्यातून काही मिळालं असेल, तर अण्णा त्याला हात पसरणारा म्हणतील का? मुळीच नाही म्हणणार. म्हणतील, "बिचाऱ्याचं गेलं, मिळायलाच पाहिजे."

दुसरा निधी राज्याचा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं प्रत्येक राज्याला आपत्ती प्रतिसाद निधी ठेवणं भाग आहे. महाराष्ट्रात त्यात रुपयातले पंचाहत्तर पैसे केंद्राचे आणि पंचवीस राज्याचे. तलाठ्याच्या पंचनाम्यावरून मिळते ती मदत मुख्यतः या निधीतली. यात कुणा मंत्र्याच्या खिशातलं काही नसतं, फोटो कुणाचाही लागो.

आता बहात्तर. अण्णांना तिथे पकडायचं असेल तर तुमचं पगारपत्रक बरोबर घेऊन जा. थट्टा करत नाही, छापून घेऊन जा.

"खडी फोडली, फुकटचं खाल्लं नाही" हे अक्षरशः खरं आहे. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाऊन, सुकडी खाऊन, तळपत्या उन्हात रस्ते आणि पाझर तलाव त्यांनी उभे केले. अण्णांना त्याचा अभिमान वाटतो तो वाटायलाच हवा. पण त्या घामातून राज्यानं जो धडा घेतला, तो त्यांना कुणी सांगितलेला दिसत नाही. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्याचे वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी लावून धरली आणि त्यातून रोजगार हमी योजना आली. १९७७ साली तिचा कायदा झाला, १९७९ पासून तो लागू झाला. पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न होताच. त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा थोडे पैसे कापायचे, सरकारनं तेवढीच भर घालायची, आणि खेड्यात काम मागणाऱ्याला त्यातून मजुरी द्यायची.

तोच व्यवसाय कर आजही तुमच्या पगारपत्रकात बसलेला असेल, महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. आपण सगळे त्या ओळीकडे बघून चुकचुकतो आणि पान उलटतो. मीसुद्धा एकतीस वर्षं तेच केलं. बहात्तर साली खडी फोडणाऱ्या माणसांमुळे ती ओळ तिथे आली, हे मला माझ्याच खात्यात कुणी सांगितलं नव्हतं. ती ओळ अण्णांना दाखवा. म्हणा, "अण्णा, तुम्ही फोडलेल्या खडीमुळे हा कर लागला. तो मी भरते. आता सांगा, यात फुकटचं कुणाचं आहे?" यावर ते लगेच काही बोलणार नाहीत. तुम्हीही बोलू नका. अशा माणसांना उत्तर रात्री सुचतं.

एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवते. सरकारी कागदावर या पैशाला 'नुकसानभरपाई' म्हणत नाहीत, 'मदत' म्हणतात, आणि तो शब्द खरा आहे. गेलेलं सगळं काही भरून येत नाही. २०२५ च्या पुराच्या वेळच्या केंद्राच्या निकषाप्रमाणे कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बारमाही पिकांना २२,५००, आणि तेही नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच. राज्य सरकारनं ७ ऑक्टोबर २०२५ ला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात रब्बीच्या बियाण्यासाठी म्हणून हेक्टरी १०,००० वरून घातले आणि मर्यादा दोनऐवजी तीन हेक्टर केली. दुभत्या म्हशीला ३७,५०० रुपये. तेवढ्यात आज बाजारात दुभती म्हैस कुणी दाव्याला हात लावू देईल का, हे तुमच्या भावाला विचारा. रेडकाला २०,०००. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,०००, शिवाय ती पुन्हा करण्यासाठी रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं. माती आणून टाकणं ही गोष्ट एका हंगामात उरकत नाही, तेव्हा या शेवटच्या आकड्यामागे चिकाटीनं लागावं लागेल. पीकविम्याचा पैसा या सगळ्यापेक्षा वेगळा. विमा उतरवला असेल तर त्याचा दावा वेगळा चालतो, त्याची आणि या मदतीची गल्लत करू नका.

आता ते वाक्य. "ती दोन एकर आमचे वाटेकरी मामा अर्ध्या वाट्यानं करत होते."

मामांचं नाव सातबाऱ्यावर नाही. असणारही नाही. अर्ध्या वाट्याचा व्यवहार आपल्याकडे तोंडी चालतो, कारण कसणाऱ्याला जमिनीवर हक्क देणाऱ्या कुळकायद्याच्या धास्तीनं जमीनवाला कागद करत नाही, आणि कागद मागितला तर पुढच्या वर्षी जमीन मिळणार नाही म्हणून वाटेकरी मागत नाही. हेक्टरी मदत जाते ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात. म्हणजे मामांनी निम्मं बी-खत घातलं, अंगमेहनत सगळी घातली, त्यांचं निम्मं सोयाबीन कुजलं, आणि सरकारच्या लेखी मामांचं काही गेलंच नाही. त्यांच्या पदरात काही पडायचं तर ते अण्णांच्या खात्यातूनच पडू शकतं. अण्णांनी तलाठ्याला चहा पाजून "आमचं लिहू नका" म्हटलं, तेव्हा 'आमचं'मध्ये मामांचा निम्मा वाटाही होता. तो सोडून द्यायचा अधिकार अण्णांना कुणी दिला?

हे कडक लिहिलंय याची मला कल्पना आहे. पण असे अण्णा मी खूप पाहिलेत असं म्हटलं ते याचसाठी. स्वतःसाठी ते पंचनामा करून घेणार नाहीत. मामांसाठी घेतील. पैसे आले की पिकाच्या मदतीतला निम्मा वाटा त्यांनी मामांच्या हातावर ठेवावा. उरलेला स्वतःकडे ठेवायचा की देवळाला द्यायचा, ते त्यांनी ठरवावं. घेऊन मग देणं आणि घेण्याआधीच नाकारणं यांत फरक आहे. पहिल्यात देणारे अण्णा असतात. दुसऱ्यात पैसा निधीतच पडून राहतो. "आमच्यापेक्षा गरीब आहेत, त्यांचं लिहा" असं ते म्हणाले, पण त्यांचं न लिहिल्यानं गरिबाच्या आकड्यात एक पैसाही वाढत नाही. हेक्टरी दर तोच राहतो.

उलट घटतं काहीतरी. गावाचे पंचनामे तहसीलला जमतात, तिथून जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, मग मंत्रालय. वर मागणी जाते ती या बेरजेवर. अण्णांची चार एकर, म्हैस आणि रेडकू त्या बेरजेत नसले, तर गावाचं नुकसान कागदावर तेवढं कमी झालं. शिवाय ज्याला गाव मान देतं असा माणूस नको म्हणाला की शेजारच्या विधवा बाईला अर्ज करायला लाज वाटू लागते. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्यासमोर एका बाईनं भरलेला अर्ज परत मागून घेतला होता, कारण "पाटलांनी नाही केला, मी कशी करू?" पाटलांच्या घरात पगारदार होते, तिच्या घरात नव्हते.

अण्णांना एक गोष्ट माझ्याकडून सांगा. ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी खात्यात नवीन होते. गणपती बोळवून लोक झोपले होते, पहाटे चारच्या आसपास जमीन हलली आणि मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. काही दिवसांनी आमची काही जणींची धान्यवाटपाच्या केंद्रावर ड्यूटी लागली. रांगेत एक आजी होत्या. घरातली तीन माणसं गेलेली. मी मापानं गहू ओतत होते, त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "पोरी, काट्यावर ठेव." मी म्हटलं, आजी, माप सरकारी आहे. "माप सरकारी असंल, हात तुझा हाय. काट्यावर ठेव." ठेवलं. अर्धा किलो कमी भरलं. मी ओशाळून भर घातली, त्यांनी रजिस्टरवर अंगठा उठवला, पोतं डोक्यावर घेतलं आणि गेल्या. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही, आभार तर सोडाच. तेव्हा मला राग आला होता. इतकी दमलेली मी, आणि ही बाई किलोअर्ध्या किलोचा हिशेब करते! पुढे कळत गेलं. भीक कुणी मोजून घेत नाही. आजी त्यांचं घेऊन गेल्या.

अण्णांनी असंच घ्यावं. मान खाली घालायची काही गरज नाही. दर विचारावा, क्षेत्र बरोबर मांडलंय का पाहावं, कमी आलं तर लेखी विचारावं.

आता कामाचं. पंचनामा राहून गेला असेल तर तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज करा: गट नंबर, क्षेत्र, पीक, जनावरं, घरात शिरलेलं पाणी. फोटो लावा. सातबारा, आधार, बँक पासबुकाची प्रत जोडा. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्क्यासह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज, हे मी टेबलाच्या पलीकडून सांगते आहे. सुटलेल्यांची पुरवणी यादी होते, त्यात नाव घालायला सांगा. यादीत आलं की विशिष्ट क्रमांक मिळतो, आणि सेवा केंद्रात जाऊन अंगठ्यानं केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, करावी लागू शकते. कष्टकरी म्हाताऱ्या हातांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, हा रडगाणं म्हणावं इतका नेहमीचा प्रकार. दोन-तीनदा जावं लागलं तर चिडू नका. पैसे जमा झाल्यावर बँकेनं ते जुन्या कर्जात वळते केले तर शाखेत लेखी तक्रार द्या, मदतीच्या रकमेतून वसुली करू नये असं सरकारी आदेशातच लिहिलेलं असतं. आणि तलाठ्याला आता 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचं. नाव बदललंय, दप्तर तेच आहे.

किराण्याचं किट परत केलं त्याचं काही वाईट वाटून घेऊ नका. तो अण्णांचा अधिकार. ती कुणाची तरी खासगी मदत होती, आणि गावात जास्त गरजू घर खरंच होतं. इथे त्यांचा न्याय बरोबर आहे. सरकारी मदत आणि लोकांची मदत या दोन गोष्टी मी वेगळ्या मोजते, आणि तुमच्या सोसायटीलाही तेच सांगायचंय.

सरकारी पैसा कागदाच्या मागे जातो. सातबारा, आधार, रेशनकार्ड, खातं. हे वाईट नाही, त्याशिवाय कोट्यवधी रुपये वाटता येणार नाहीत. पण कागद जिथे संपतो तिथे माणूस असतोच: वाटेकरी, शेतमजूर, ऊसतोडीला निघण्याआधी चार दिवस सोयाबीन काढणीची मजुरी मिळेल म्हणून थांबलेली बाई. सोयाबीन कुजलं त्याची मदत शेतकऱ्याला मिळते, बुडालेल्या मजुरीची कुणाला मिळते? सोसायटीचे १ लाख ८० हजार तिथे गेले पाहिजेत.

मुख्यमंत्री सहायता निधीला द्यायला माझी हरकत नाही. त्यातून गरीब रुग्णांच्या उपचारांनाही पैसे जातात, आणि देणगीला आयकरात पूर्ण सूट मिळते. फक्त सभासदांना खरं सांगा: नवी करप्रणाली घेतली असेल तर ती सूट नाही, दोन हजारांवर रोख दिली तर नाही, आणि वस्तू दिल्या तर मुळीच नाही. ज्यांना करासाठी पावती हवी त्यांनी आपापला चेक निधीला द्यावा. बाकीचा पैसा जिथे निधीचा हात पोचत नाही तिथे न्या. गावात दहा-बारा मजूर आणि वाटेकरी कुटुंबं निवडा. नावं एका माणसानं सांगू नयेत, तुमच्या अण्णांनीही नाही, चार आळ्यांतल्या बायका बसवून ठरवा आणि यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. मोठ्यानं वाचली की निम्मी भांडणं तिथेच मिटतात. उरलेली मिटत नाहीत, ती पुढच्या निवडणुकीपर्यंत चालतात, त्याला इलाज नाही.

काय द्यावं? आता दिवाळी झाली, किराण्याचा ओघ आटला असेल. या दिवसांत लागतो तो कडबा आणि मुरघास, कारण वाचलेल्या जनावरांना खायला नाही. हरभऱ्याचं बी लागतं. पाण्यात बुडालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग लागतं, गाळानं भरलेल्या विहिरी उपसायला इंजिनाचं डिझेल लागतं. मुलांची दप्तरं गेलीत. फोटोत यातलं काहीच शोभून दिसत नाही, मला मान्य आहे. मोटारीच्या तांब्याच्या तारेसमोर उभं राहून कोण हसणार?

जुने कपडे नेऊ नका. सांगायला अवघड आहे, कारण लोकांनी मनापासून दिलेत, पण नेऊ नका. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. लोकांचं घर गेलं होतं, आवडनिवड गेली नव्हती. ज्या बाईनं आयुष्यभर नऊवारी नेसली तिला तुमच्या टॉवरमधला गाऊन देऊन ती काय करणार? नवी साडी, नवं आतलं वापरायचं, सॅनिटरी पॅड, सतरंजी, ताडपत्री एवढं असेल तर न्या. गोण्यांतलं सुती कापड पुण्यातच गोधडी शिवणाऱ्या बायकांना द्या.

फोटोचं म्हणाल तर सेक्रेटरींना शांतपणे सांगा: "माझ्या वडिलांच्या हस्ते वाटप करायचं असेल तर वडील तयार नाहीत, आणि मीही नाही." कारण द्यायची गरज नाही. वाटताना सामान टेबलावर मांडा, यादीप्रमाणे लोक येऊन उचलून नेतील. हातात हात घालून कॅमेऱ्याकडे बघायची वेळच येत नाही. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे धान्याच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो चिकटवले गेले तेव्हा महाराष्ट्र केवढा चिडला होता, आठवत असेल. आपल्या फोटोला तोच न्याय लावायचा.

आणि तुम्ही देणाऱ्यांतल्या की घेणाऱ्यांतल्या? किल्लारीनंतर घरं पुन्हा उभी करायचं काम निघालं, तेव्हा 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकारानं गावोगावी बायकांची 'संवाद सहायक' म्हणून नेमणूक झाली होती. त्या पैसे देत नव्हत्या, आणि नुसत्या घेणाऱ्याही नव्हत्या, जरी त्यांचीही घरं पडली होती. कुणाला काय मिळायचंय, हप्ता कुठे अडला, सिमेंट कुणाकडे आलं, हे त्यांना ठाऊक असायचं, आणि त्या गावात आणि कचेरीत दोन्हीकडे बोलायच्या. इंजिनिअर त्यांना टरकून असायचे. तुम्हाला गावची भाषा येते आणि हिशेब येतो. सोसायटीत एखादा वकील असेल, एखादा सीए असेल. दोन रविवार त्यांना गावात नेऊन ग्रामपंचायतीत टेबल टाकून बसवा, राहिलेले अर्ज भरा, पोचा घ्या, अडकलेली खाती बघा. पंचवीस अर्ज मार्गी लागले तर गावात येणारा पैसा तुमच्या टेम्पोपेक्षा जास्त भरेल. सेक्रेटरींना हवा तर या टेबलाचा फोटो काढू द्या.

पहिला अर्ज अण्णांचा भरा, म्हणजे शेजारची बाई दुसरी येईल. मामांना शेजारी बसवून भरा. आणि त्यात 'म्हैस १' एवढंच लिहू नका, 'दुभती म्हैस' लिहा, वेताची माहिती लिहा, रेडकू वेगळ्या ओळीत घ्या. नुसतं 'म्हैस' लिहिलं की कचेरीत कुणीतरी विचारतंच, दुभती कशावरून? मी स्वतः विचारलंय, कितीतरी जणांना.